आठव्या मजल्याचा ठोका

लिफ्ट आठव्या मजल्याशी आली की ठण्ण. वर जाताना ठण्ण, खाली येताना ठण्ण. परळच्या त्या वीस मजली टॉवरमधल्या निम्म्या लोकांनी घाबरून जिना धरला. त्यांची वजनं इतकी उतरली, की तिथल्या डॉक्टरचा धंदा बसला म्हणे.

आमच्या लिफ्ट कंपनीच्या मेकॅनिकांनी आठव्याचे बोल्ट एवढे आवळले, की इमारतीला दम लागला असेल. उपयोग शून्य. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, उद्यापासून दुसरी कंपनी. आमचे नाईकसाहेब माझ्याकडे वळले. कंपनीतली एकटी बाई मेकॅनिक मी. मला घेतल्याबद्दल त्यांनी आधीच बोलणी खाल्ली होती.

"सावंत, तू बघ. नाही जमलं, तर सोमवारपासून ऑफिसात फायली लाव."

मी लिफ्टच्या टपावर बसले आणि डोळे मिटले.

ऐकायची सवय जुनी. गिरणीच्या संपात बाबांचा साचा, म्हणजे माग, बंद पडला. मग दारू आली, मग पट्टा. आम्ही लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर. रोज संध्याकाळी मी जिन्याच्या लाकडी कठड्याला कान लावून बसायची. तळाच्या पायरीवरचं पाऊल लाकडातून वर यायचं. एकाच पायरीवर दोन पावलं पडली, की बाबा पिऊन आलेत हे ओळखून आईला आणि भावंडांना शेजारच्या काकीकडे पिटाळायची. काकी कडी लावत मालवणीत म्हणायची, "ह्यां चेडू नाय, गिरणीचो भोंगो आसा." चेडू म्हणजे पोरगी. मुंगीने चप्पल बदलली तरी मला कळायचं. एकदाच चुकले. त्याची खूण कोपरावर आहे.

लिफ्ट आठव्याला आली. ठण्ण. पण आवाज शेजारून नव्हता, वरून होता.

लिफ्टच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन असतं, काउंटरवेट. लिफ्ट चढली की ते उतरतं. लिफ्ट आठव्याला, तेव्हा ते बाराव्याच्या आसपास.

"साहेब, बाराव्याला चला."

"अगं, तक्रार आठव्याची आहे."

"ऐकू आठव्याला येतं. निघतं बाराव्यातून."

बाराव्याला काउंटरवेटच्या रुळाचा जोड सरकला होता, पोस्टकार्डाच्या जाडीइतका. सरळ केला, बोल्ट आवळले. लिफ्ट मांजरीसारखी गेली. कंपनीही राहिली, मीही.

सेक्रेटरींनी विचारलं, कोर्स कुठे केलात? म्हटलं, लालबाग, तिसरा मजला. परतताना नाईकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे शेवटी बापानेच तयार केलं म्हणायचं."

"नाही साहेब. पट्टा त्याचा होता. कान माझे."

निवृत्त होईपर्यंत नव्या मेकॅनिकांना एवढंच सांगत आले: आवाज ऐकू येतो तिथे लगेच पाना लावू नका. आधी वर बघा.