भिंतीला पाठ टेकून

सबीकाच्या घराची एक भिंत तिच्या एकटीची नव्हती. बहारीनमधल्या मुहर्रकच्या जुन्या गल्लीत तिचं घर आणि पुरुषांचं गाण्याचं घर यांच्यामध्ये ती एकच भिंत उभी होती. प्रवाळाच्या दगडांची, वरून चुना दिलेली. अलीकडे सबीकाची चूल, पलीकडे दर गुरुवारी मोती काढणाऱ्यांची गाणी. मोती काढायला समुद्रात जाणारं आता कोणी उरलं नव्हतं. गाणी मात्र उरली होती, आणि ती गाणाऱ्यांत तिचा नवरा जुमा होता. त्या घराचा उंबरठा बाईने ओलांडायचा नाही. का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

लग्न होऊन आली तेव्हा सबीका सतरा वर्षांची होती. पहिले सहा दिवस ती सासरी कुणाशी धड बोलली नाही. सातवा दिवस गुरुवार निघाला. भिंतीपलीकडून ढोल ऐकू आले, तळव्याने थापटलेले मातीचे घडे ऐकू आले, जमिनीखालून यावी तशी पुरुषांची जड घुमघुम ऐकू आली. आणि मग त्या सगळ्याच्या वर एक आवाज चढला. चढता चढता तो मध्येच तुटायचा, आणि तुटला होता त्याच जागेवरून पुढे जायचा, जणू तुटणं हीच त्याची वाट होती. सबीका भिंतीला पाठ टेकून बसली. दगड पाठीला थरथरत होता.

सकाळी चहाचं भांडं हातात असतानाच तिने विचारलं, "काल सगळ्यात शेवटी गात होते, ते तुम्हीच का?"

जुमाने तिच्याकडे बघितलं. "हो," तो म्हणाला.

त्या एका शब्दाच्या आधारावर तिने बेचाळीस वर्षं संसार केला. जुमा माणूस वाईट नव्हता. बंदरावर क्रेन चालवायचा, पगार आणून तिच्या हातावर ठेवायचा. पण जे काही मागायचं ते मीठ मागावं तसं मागायचा. नवाल जन्मली तेव्हा पाळण्यात डोकावून नुसतं "बरं" म्हणाला. पुढची दोन मुलं पोटातच गेली, तेव्हा तेवढंही नाही. धाकटी बहीण म्हणायची, "या दगडाशी तू बोलतेस तरी काय?"  गुरुवार येई, सबीका भिंतीशी जाऊन बसे, आणि आठवडाभर जुमाच्या तोंडून न निघालेलं सगळं पलीकडून येई. तिच्याचसाठी येतंय, असं ती धरून चालली होती. इतका आतून रडू शकणारा माणूस बाहेरून कसाही असला, तरी चालेल, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

नवालचे वडील म्हणून ती जुमाला 'बू नवाल' म्हणायची. एकदा, जेवताना, ती हसत म्हणाली होती, "बू नवाल, तुमच्यात तो एक कोण आहे हो? पत्र्याची पेटी फरशीवरून ओढल्यासारखा गातो. त्याला म्हणावं, घसा घासून ये."

जुमाने भातातला माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "सांगतो," तो म्हणाला.

अकरा वर्षांपूर्वी मर्जान वारला. जुमाचा जुना सोबती, उंच, काटकुळा, होड्यांना रंग देणारा. पलीकडच्या हिद्द गावात राहायचा. गुरुवारी गाण्याला येताना दारातून "जुमा!" अशी खोकत हाक मारायचा, बाईमाणसाकडे बघायचं नाही म्हणून गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे तोंड करून. सबीका तीन दिवस त्याच्या घरी सुतकाच्या स्वयंपाकाला गेली. रीत म्हणून रडली, थोडंसंच.

आणि त्याच महिन्यापासून भिंतीपलीकडचा तो आवाज बंद झाला.

सोबत्याच्या दुःखाने जुमाचा गळा बसला, असं सबीकाने ठरवलं. तेव्हापासून दर गुरुवारी ती आलं, मध आणि वाळकं काळं लिंबू उकळायची, थर्मासमध्ये भरायची आणि जाताना त्याला एक पेला द्यायची. जुमा तो एका दमात रिकामा करायचा.

"येईल परत," ती म्हणायची.

"बघू," तो म्हणायचा.

मग या हिवाळ्यात नवाल घरी आली ती उड्या मारतच. "यम्मा, समुद्रावरच्या नव्या कलाकेंद्रात बाबांच्या मंडळाचं गाणं आहे. आणि तिथे बायकांना मनाई नाही. तुझी जागा तिसऱ्या रांगेत."

त्या दिवशी सबीकाने एकदा धुतलेले तांदूळ पुन्हा धुतले. डोळ्यांसमोर त्याचं तोंड उघडावं आणि त्यातून तो आवाज निघावा, एकदाच. मग मेलं तरी चालेल.

जुमा म्हणाला, "तुला नाही झेपायचं. पायऱ्या आहेत. गुडघे दुखतात तुझे."

"मला गुडघ्यांनी ऐकायचं नाहीये."

"थंडी असते आत."

"शाल घेते."

तो दारात उभा राहिला. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग वाकून चपला शोधायला लागला. चपला त्याच्या पायांतच होत्या.

कलाकेंद्र उभं होतं तिथे सबीकाच्या लहानपणी पाणी होतं. ओहोटीला तिच्या आईने तिथे भांडी घासली होती. आता भराव टाकून त्यावर काच उभी केली होती, चार मजले उंच. काचेपलीकडे समुद्र दिसत होता, पण त्याला आवाज नव्हता. हे तिला बरं वाटलं नाही.

दारावरच्या रखवालदाराने तिच्या पिशवीत हात घालून थर्मास बाहेर काढला. "खाला, आत खाण्यापिण्याचं नेता येत नाही."

"खाण्यापिण्याचं कुठाय? माझ्या नवऱ्याचा गळा आहे त्यात."

"मग गळा इथे ठेवा, जाताना घेऊन जा," तो हसत म्हणाला आणि थर्मास ठेवून घेऊन सोबतच्या नवालला बिल्ला दिला.

तिसऱ्या रांगेत शेजारी बसलेली बाई ओळखीची निघाली. मर्जानची विधवा, उम्म सालेम.

"तू कशी इथे?" सबीकाने विचारलं.

"गाडी पाठवली या लोकांनी. कशाला ते नीट कळलंच नाही बघ. माझा माणूस तर गेला."

दिवे मंद झाले. मंचावर बारा म्हातारे गोल करून बसले, मध्ये घडे. घुमघुम सुरू झाली. इतकी वर्षं पाठीने ऐकलेली ती आज पहिल्यांदाच छातीवर आली, आणि सबीकाला आपल्या अंगावरचं वस्त्र कुणी ओढून घेतल्यासारखं झालं. जुमाने मान वर केली. तोंड उघडलं.

पत्र्याची पेटी फरशीवरून ओढली गेली.

वय झालंय, ती स्वतःशी म्हणाली. अकरा वर्षांचा बसलेला गळा. पण तिचे कान तिचं ऐकेनात. हा आवाज बसलेला नव्हता. तो पहिल्यापासून असाच होता. बेचाळीस वर्षं दर गुरुवारी तो तिने ऐकला होता, आणि तो कधी संपतोय याची वाट बघितली होती. जुमा डोळे मिटून गात होता. कपाळावरची शीर फुगली होती. तो जीव ओतून गात होता, हे तिला दिसत होतं, आणि ते दिसणं सगळ्यात वाईट होतं. आपण त्याच्या तोंडावर काय बोललो होतो, ते तिला शब्दन् शब्द आठवलं. माशाचा काटा आठवला.

टाळ्या पडल्या. मग एक तरुण मुलगी माइकपाशी आली. मंडळाच्या जुन्या घरात कुणीतरी एकदा टेपरेकॉर्डर नेला होता, त्यातलं एक गाणं आता वाजवणार आहोत, म्हणाली. गाणारे मर्जान बिन सईद, आज आपल्यात नाहीत.

खरखर झाली. आणि मग तो आवाज चढला, मध्येच तुटला, आणि तुटल्या जागेवरून पुढे गेला.

सबीकाची पाठ आपोआप मागे गेली. मागे भिंत नव्हती, मऊ खुर्ची होती. ती थरथरली नाही. मंचावर जुमा मान खाली घालून घड्यावर तळवा ठेवून बसला होता. शेजारी उम्म सालेम हुंदके देत होती, आणि सबीकाला तिचा राग आला. हे माझं आहे, तिच्या मनात आलं, तू का रडतेस? मग तिला कळलं की ज्याच्यासाठी आपण एकतीस वर्षं जगलो त्याच्या सुतकात आपण कांदे चिरत होतो, आणि रडलो तेही बरेचसे कांद्यांमुळे.

बाहेर काचेशी दोघी उभ्या राहिल्या. पाणी काळं पडत चाललं होतं.

"मला म्हणायचा, मी नुसता घडा वाजवतो," उम्म सालेम नाक पुसत म्हणाली. "घरात कधी गुणगुणलासुद्धा नाही गं. घरात गायलं तर तिकडचं बिघडतं, असं काहीतरी खूळ असावं त्याचं. आणि आज बघ. मेल्यावर." तिने सबीकाचा हात धरला. "तुझं घर तर भिंतीला भिंत लागून. तू ऐकलं असशील ना? सांग ना, नेहमी असाच गायचा?"

सबीकाला सगळं सांगता आलं असतं. कुठल्या ऋतूत आवाज जड व्हायचा, कुठल्या वर्षी खोकला लागला, एका गुरुवारी तो तुटला तो तसाच राहिला आणि पलीकडे कितीतरी वेळ कुणीच काही वाजवलं नाही. त्या बाईच्या नवऱ्याची एकतीस वर्षं तिच्यापाशी जशीच्या तशी होती.

"नाही गं," ती म्हणाली. "भिंत फार जाड होती."

किती सहज गेलं तोंडातून. जुमाचा तो 'हो'सुद्धा असाच गेला असेल.

जुमा बाजूच्या दाराने आला. पांढऱ्या झग्याला पाठीवर घाम होता, एवढ्या थंडीत. उम्म सालेमने त्यालाच गाठलं. "बू नवाल, तुम्ही तरी सांगा. तुम्ही तर त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचात."

जुमाने आधी सबीकाकडे बघितलं. मग विधवेला म्हणाला, "त्याने गाणं उचललं की आम्ही मान खाली घालायचो. मी तर दर वेळी."

"मग लोकांना कसं कळलं नाही?"

"ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळू दिलं नाही," जुमा म्हणाला. उम्म सालेमला वाटलं, तो मर्जानबद्दल बोलतोय.

नवाल बिल्ला देऊन थर्मास घेऊन आली होती. सबीकाने झाकण काढलं, पेला भरला. हाताला सवय होती. आल्याचा वास आला. तिने पेला पुढे केला.

अकरा वर्षं जुमाने तो एका दमात रिकामा केला होता. आज त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि तसाच धरून ठेवला. वाफ निघायची थांबली, तरी ओठाला लावला नाही. सबीकानेही प्या म्हटलं नाही.

"बाबा, गाडीत बसून प्या ना," नवाल म्हणाली. "चला, पार्किंगला गर्दी होईल."

कुणीच हललं नाही.