‘स’च्या पंगतीतली पाहुणी

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. उन्हाळ्यातली दुपार आहे. जेवणं झाली आहेत, भांडी घासून पालथी पडली आहेत, आणि तुम्ही गार फरशीवर उताणे पडून पंख्याकडे बघताय. पंख्याची पाती आधी वेगवेगळी दिसतात, मग त्यांचं एकच गोल पान होतं, मग ते पानही विरघळायला लागतं. बाहेर कुणीतरी कुल्फीवाल्याला हाक मारतं, पण ती तुमच्या कानापर्यंत येता येता भलत्याच गावाहून आल्यासारखी वाटते. आलं लक्षात? झोपेच्या त्या उंबऱ्यावर, एक पाय आत आणि एक बाहेर अशी, जुन्नरच्या एका घरात दुर्वा पडली आहे.

दुर्वा आता सातवीत जाणार. तिला झोप येतेय, पण नीट येत नाही, कारण मनात एक खडा टोचतोय. तो खडा कुठला, हे आधी सांगायला हवं.

दुर्वाची माणिकआत्या हाताने कागद बनवायची. जुन्नरात पूर्वी हातकागद बनत असे, पण तो केव्हाच बंद पडला. म्हणून आत्या ती विद्या शिकायला थेट जपानातल्या एका डोंगरातल्या गावी गेली आणि बरीच वर्षं तिकडेच रमली. परत आल्यावर तिने त्या गावच्या कागदाविषयी जपानी भाषेत एक पुस्तक लिहायला घेतलं. दुर्वाला शेजारी बसवून ती लिहायची आणि लिहिता लिहिता तिला जपानी शिकवायची. पुस्तक संपत आलं, मागची सूची तेवढी राहिली, आणि गेल्या थंडीत आत्या वारली. त्या दिवसापासून दुर्वाने जपानीचा एक शब्द तोंडातून काढलेला नाही.

सूची तुम्ही पाहिली असेल. पुस्तकाच्या शेवटी असते, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते सांगते. मराठीत ती लावणं सोपं. ‘कमळ’ आधी की ‘गवत’ आधी, हे नुसतं बघून कळतं. जपानीत मात्र पुष्कळ शब्द चिन्हांनी लिहितात, आणि चिन्हाचं तोंड बघून त्याचा उच्चार कळेलच असं नाही. तीच चिन्हं एका घरात एक आडनाव होतात, दुसऱ्या घरात दुसरंच. म्हणून सूचीतल्या प्रत्येक शब्दाआधी तो कसा म्हणायचा ते लिहून द्यावं लागतं. त्याला म्हणतात वाचन. आधी वाचन, मग मध्ये @ असं एक चिन्ह, मग शब्द. त्या मधल्या चिन्हाला आत्या गोगलगाय म्हणायची.

हे सगळं झालं की आत्याच्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची. तिच्यात चित्रं नाहीत की बटणं नाहीत. एका ओळीची आज्ञा टाइप करायची, एंटर मारायचं, आणि शब्द आपापल्या वाचनाप्रमाणे आपापल्या ओळीत जाऊन बसायचे. ज्याचं वाचन दिलेलं नाही, त्याच्याबद्दल खिडकी कुरकुर करायची आणि त्याला सगळ्यांच्या शेवटी ढकलून द्यायची.

आत्याने वाचनं भरत आणली होती. एक नाव राहिलं. ज्या म्हातारीच्या घरी ती राहायची, तिचं आडनाव. दोनच चिन्हं, एक शिंगाचं आणि एक शेताचं. आत्या तिला नेहमी ‘ओबाआसान’ म्हणायची, म्हणजे आजी. त्यामुळे आडनाव घरात कुणी ऐकलेलंच नव्हतं. त्या दोन चिन्हांचं ‘काकुता’ होतं, ‘सुमिता’ होतं, ‘त्सुनोदा’ही होतं. आणि आजींनी आत्याला एकच सांगून ठेवलं होतं, “पुस्तक छापलंस की मी मागून उघडणार आणि आधी माझं नाव शोधणार.” आता त्यांचं वय झालं आहे, नजर मंदावली आहे. आपल्या ओळीत नाव दिसलं नाही, तर त्या काही अख्खी सूची धुंडाळणार नाहीत.

आज संध्याकाळी बाबा ते पुस्तक छापखान्याकडे पाठवणार आहेत. सकाळी ते म्हणाले, “दुर्वा, ही खिडकी एका नावावर अडलीय. तुला वाचता येतं ना? बघ गं जरा.” दुर्वाने दोन चिन्हांकडे बघितलं आणि अंदाजाने ‘सुमिता’ ठोकून दिलं. एंटर मारलं. खिडकी गप्प झाली. “शाब्बास!” बाबा म्हणाले. हाच तो खडा.

तर आता पंख्याचं पान पुरतं विरघळलं आहे आणि पाठीखालची फरशी ओली लागते आहे. कागदासाठी भिजत घातलेल्या झाडाच्या सालीचा वास येतोय.

“पाय उचल गं, कागद वाळत घातलाय,” असं कुणीतरी म्हणतं.

आत्या आहे. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांतून पाणी निथळतंय. दुर्वाला मुळीच नवल वाटत नाही. स्वप्नात वाटत नसतं.

“आत्या, तू तर गेली होतीस ना?”

“गेलेच आहे. पण आज पंगत आहे, म्हटलं वाढायला जावं. तू काय लोळतेयस दुर्वाबाई? ऊठ, पातेल्याला हात लाव.”

दोघी भाताचं पातेलं दोन बाजूंनी धरून स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडतात. बाहेर परसात तुळस असायला हवी, तर तिथे दुर्वाच्या शाळेचं सभागृह आहे, आणि त्याच्या खिडक्यांमधून बर्फाचे डोंगर दिसताहेत. सभागृहभर पंगती बसल्या आहेत. पाहुणे म्हणजे आत्याच्या पुस्तकातले शब्द. बर्फ पांढरा सदरा घालून बसला आहे. नदी बसली आहे, पण तिचा पदर सारखा वाहतोय आणि शेजारचा चिडून तो परत परत उचलून देतोय.

“पंगती कशा लावल्यात, ओळख बरं,” आत्या म्हणते.

दुर्वा प्रत्येक ओळीतल्या पहिल्या पाहुण्याकडे बघत जाते. “अ... क... स... त... न... ह... म... य... र... व. आत्या, ही तर आपलीच मुळाक्षरं आहेत!”

“आपलीच. इकडचे भिक्षू पोथ्या घेऊन पूर्वेला गेले, त्यांच्या पाठोपाठ हा क्रमही गेला, असं जाणकार सांगतात.”

“मग च कुठाय? आणि ट?”

“चच्या जागेवर स येऊन बसला. आणि ट ला बोट लागली असणार. तो आलाच नाही.”

दुर्वा खुदकन हसते. आत्या पुढे होते. “मी हाक मारते, तू वाढ. हाक आली की ज्याने त्याने आपलं पान पुढे करायचं. कामी!” क च्या पंगतीत कागद आपलं पान पुढे करतो. “कावा!” नदी पुढे करते आणि पान वाहून जाता जाता वाचतं. “युकी!” बर्फाला भात वाढताना दुर्वा विचारते, “गरम आहे, चालेल ना?” बर्फ मान डोलावतो. थोडा वितळतो, पण तक्रार करत नाही.

आत्या हाका मारत जाते आणि दुर्वा वाढत जाते. असं करता करता दुर्वाला दिसतं, स च्या पंगतीच्या टोकाला एक चिमुकली म्हातारी गुडघे दुमडून बसली आहे. समोर पान मांडलेलं, पुसलेलं, आणि कोरडं. आत्याने स ची पंगत अख्खी हाकारली, तरी हिचं नाव आलं नाही.

दुर्वाच्या हातातला डाव जड होतो.

“आत्या, त्या आजींना वाढायचं राहिलं.”

“मी नाही राहू दिलं बाई. त्यांची हाक या पंगतीत नाहीच. इथे त्यांना बसवलं कुणी?”

दुर्वा बर्फाच्या डोंगरांकडे बघते.

“त्या काही म्हणत का नाहीत?” ती हळूच विचारते.

“पाहुण्या आहेत. यजमानाने बसवलं तिथे बसायचं, ही त्यांची रीत. उपाशी उठतील, वर ‘छान झाली पंगत’ म्हणतील.” आत्या रागावलेली नाही, रागावल्यासारखी दिसतसुद्धा नाही. जपानी शब्द लिहिताना दुर्वाची एखादी रेघ चुकली की जशी वाकून बघायची, तशीच ती आताही वाकते. “हे बघ. ज्याचं वाचन माहीत नाही, तो दारात ताटकळतो. वाईट दिसतं खरं. पण दारात उभ्या माणसाची कुणी ना कुणी चौकशी करतं. चुकीच्या पंगतीत बसलेल्या माणसाची कुणीच करत नाही. सगळ्यांना वाटतं, बसलाय की तो.”

“खिडकी गप्प झाली, मग मला वाटलं...”

“खिडकीला काय कळतंय? तू सांगशील ते ती मुकाट्याने ऐकते. अगदी बाबासारखी.”

दुर्वाला हसू येतं आणि त्याच वेळी रडूही येतं. “मग तू सांग ना खरं नाव. क की त?”

“नाही सांगणार.”

“आत्या! तुला माहितेय!”

“माहितेय तर. पण आज सांगितलं की उद्या अडशील तेव्हा परत येशील. मी काय शब्दकोश आहे?”

“मग काय येऊच नको?”

“ये की. गप्पा मारायला ये, भांडायला ये. नाव विचारायला मात्र ज्याचं आहे त्याच्याकडे जायचं. तो हयात असताना मेलेल्याला कशाला विचारायचं?”

सभागृहाची फरशी केव्हापासून वाहू लागली आहे. दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या आहेत, आणि आत्या सालीची जुडी नदीत खळबळून धुते आहे. आजी पलीकडच्या काठावर, पान समोर घेऊन तशाच बसल्या आहेत.

“मला नाही बोलता येत आता जपानी,” दुर्वा म्हणते. “बोलायला तोंड उघडलं की तुझाच आवाज येतो.”

“येऊ दे की. त्यात काय बिघडलं? मी तरी कुणाच्या आवाजात शिकले? त्या बसल्यात ना, त्यांच्याच.” आत्या जुडी पिळते. “जा, हाक मार.”

“पण नावच तर माहीत नाही!”

“मी कुठे नावाने हाक मारत होते? आणि थांब, आधी दोन घास खाऊन घे. रिकाम्या पोटी परकी भाषा बोलू नये.” ती ओल्या हाताने भाताचा घास करून पुढे धरते. घाईघाईत अर्धा घास दुर्वाच्या मनगटावर सांडतो. “धांदरट कुठली,” आत्या म्हणते, आणि तिच्या मागे सगळे डोंगर वाळत घातलेल्या कागदांसारखे उजेडात फडफडायला लागतात.

पंख्याची पाती पुन्हा वेगवेगळी होतात. कुल्फीवाला अजून गल्लीतच आहे.

दुर्वा उठून बसते. मनगटाला काहीतरी चिकटलेलं आहे. भाताचं शीत. मऊ, अजून ओलसर. आज तर घरात पोळी-भाजीच होती. ती बराच वेळ त्याच्याकडे बघते. मग पडू नये म्हणून जपून उचलते आणि तोंडात टाकते.

त्यानंतर तिने काय केलं, सांगू? ती कॉम्प्युटरपाशी गेली, काळी खिडकी उघडली आणि ‘सुमिता’ पुसून टाकलं. आज्ञा दिली, एंटर मारलं. खिडकी कुरकुरली.

“काय गं, परत अडली?” बाबा आतून आले.

“मीच अडवली. सकाळी मी अंदाजाने लिहिलं होतं बाबा. मला माहीत नव्हतं.”

बाबा खुर्चीत बसले. “अगं, मग आता? संध्याकाळी पाठवायचंय.”

“आजींना फोन लावा. आत्याच्या मोबाइलमध्ये नंबर असेल.”

“लावतो. पण बोलणार कोण? माझं जपानी ‘धन्यवाद’पाशी संपतं.”

“मी.”

बाबांनी आत्याचा मोबाइल काढून नंबर शोधला. तिकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग एक बारीक, थकलेला आवाज आला, “मोशिमोशी?”

 दुर्वाने तोंड उघडलं, आणि खरंच, पहिला शब्द आत्याच्या आवाजात आला. तिने तो येऊ दिला.

“ओबाआसान, मी दुर्वा. माणिकची भाची.”

 मग आजी म्हणाल्या, “बोल बाळ.”

“तुमचं आडनाव कसं म्हणायचं? पुस्तकात तुम्हाला नीट जागा द्यायचीय.”

आजी हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकता खोकता परत हसू आलं. “त्सुनोदा! आमचा पोस्टमनसुद्धा नेहमी चुकायचा. आणि तुझ्या आत्याने तर कधी म्हटलंच नाही. पहिल्याच दिवशी दारात उभी राहिली आणि मला आजी करून मोकळी झाली.”

दुर्वाने ते नाव मोठ्याने म्हटलं, आजींकडून परत एकदा म्हणून घेतलं आणि बाबांना जपानी अक्षरं एकेक करून दाखवली. बाबांनी ती गोगलगाईच्या आधी टाइप केली. एंटर. त्सुनोदाआजी त च्या ओळीत जाऊन बसल्या. खिडकी गप्प झाली, आणि या वेळी दुर्वालाही बरं वाटलं.

“आता तू सांग,” आजी फोनवर म्हणत होत्या. “तुझं नाव मला नीट म्हणता आलं पाहिजे. दुरुबा?”

बाबांनी तोंडावर हात धरला.

“नाही आजी,” दुर्वा म्हणाली. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला, गार फरशीवर मांडी घातली आणि “आधी नुसतं ‘दुर्’ म्हणून बघा,” असं म्हणत, मुळीच घाई न करता, आजींना शिकवायला सुरुवात केली.