राजापूर कुणीच सुचवलं नव्हतं

महाराष्ट्रात राहायला चांगलं गाव कोणतं, असा विषय निघाला की लोक पुण्यापासून सुरुवात करतात. मग नाशिक, कोल्हापूर, सांगली. मी राजापूर म्हणते. लोक हसतात. दरवर्षी जिथे बाजारात नदी शिरते ते गाव? हो, तेच. हसून झालं की मी त्यांना आमच्या घरातल्या मतदानाची गोष्ट सांगते.

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. बाबा पोफळीच्या वीजघरात फिटर होते आणि कामगार युनियनचे चिटणीस. आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. 'बंधूंनो' हा मी वाचलेला पहिला शब्द. बाबा मजकूर लिहायचे, स्टेन्सिल कापायचे, मी शाईचा रूळ फिरवायची आणि आई पत्रकं दुमडून गठ्ठे बांधायची. लहानपणीच मला ठाऊक झालं होतं की जगात दोन प्रकारची माणसं असतात, मागणी करणारी आणि गप्प बसणारी. आई गप्प बसणाऱ्यांत मोडते, असं मी ठरवून टाकलं होतं.

बाबांच्या निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा प्रश्न उभा राहिला. क्वार्टर सोडावी लागणार. जायचं कुठे?

बाबा घाटावरचे, कराडकडचे. रविवारी जेवताना त्यांनी सरळ जाहीर केलं, "कराडला जायाचं. भावकी हाय, घराला जागा हाय. इचार करण्यासारखं काय हाय त्यात?"

भाऊ लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होता, सुट्टीला घरी यायचा. तो म्हणाला, "पुण्याला फ्लॅट बघू. कराडला जाऊन मी काय ऊस मोजू?"

आई वाढत होती. तिला कुणी विचारलं नाही.

ते पाहून माझं डोकं फिरलं. मी नुकतीच चिपळूणला बी.ए. झाले होते आणि अन्याय दिसला की लेखणी उचलायची सवय रक्तात होती. त्याच दुपारी, सगळे वामकुक्षी घेत असताना मी स्टेन्सिल कापली. मथळा होता: 'आईला न्याय द्या!' खाली मुद्दे. जी बाई रत्नागिरीच्या समुद्रकाठी वाढली, जिने बावीस वर्षं डोंगराच्या पायथ्याशी शिळे मासे विकत घेतले, तिला तिच्या रत्नागिरीला परत नेलंच पाहिजे. रत्नागिरीत कॉलेज आहे, वाचनालय आहे, बंदर आहे. मागणी मान्य न झाल्यास स्वयंपाकघरात असहकार. घरातली माणसं चार, म्हणून मी चार प्रती काढल्या आणि संध्याकाळी चहाबरोबर वाटल्या.

आईने पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मग सवयीने दुमडलं.

"झकास लिहिलंयस," ती म्हणाली. "पण रत्नागिरीला जायचंय असं मी कधी म्हटलं गो?"

"अगं, तुझं माहेर आहे ना तिथे!"

"माहेर चार दिवस जायला. राहायला नव्हे."

बाबा एवढे हसले की कपातला चहा बशीत सांडला. "काय चिटणीसबाई? सभा न घेताच ठराव छापला व्हय?"

मला तोंड कुठे लपवावं कळेना. कामगारांना न विचारता कामगारांच्या नावाने बोलणाऱ्या पुढाऱ्यांवर मी वहीच्या वही भरून लिहिलं होतं. आणि आईच्या नावाने चार मुद्दे छापताना तिला एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी तो तेव्हा विचारला.

"मग तुला कुठे जायचंय?"

"राजापूर," आई म्हणाली.

"राजापूर?" भाऊ ताठ होऊन बसला. "अगं, दरवर्षी बाजारात पाणी भरतं तिथे!"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि त्या संध्याकाळी आम्ही तिला पहिल्यांदा सलग अर्धा तास बोलताना ऐकलं.

लग्नाआधी दोन वर्षं ती राजापूरला मावशीकडे होती. मावशीचं बाजारात शिवणकामाचं दुकान होतं, खालच्या मजल्यावर. वर एका मुसलमान कापडवाल्याचं घर. पाऊस वाढला आणि अर्जुना नदी बाजारात शिरू लागली की ज्याचा वरचा मजला असेल त्याने दार सताड उघडायचं, हा तिथला रिवाज. खालच्या सगळ्यांचा माल वर. किराणा, कापड, औषधं, मावशीची दोन मशिनं, सगळं एकमेकांत मिसळून. पाणी उतरलं की जो तो आपलं उचलून नेई. दोन वर्षांत एक सुईसुद्धा हरवली नाही. मावशी ते दुकान आईच्या हाती देणार होती. तेवढ्यात स्थळ आलं.

"कॉलनीत मी बी-नऊ क्वार्टरच्या वहिनी आहे," आई म्हणाली. "तिकडे माझ्या हाताला नाव होतं."

बाबांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. मग म्हणाले, "गुप्त मतदान घेऊ. पण जे गाव बघितलं न्हाई त्यावर मत द्यायचा हक्क कुणाला न्हाई." हा त्यांचा युनियनमधला नियम होता आणि आज तो त्यांनाच लागू होत होता.

म्हणून एप्रिलमध्ये आम्ही चौघं एसटीने राजापूरला उतरलो. नदी तेव्हा खडकांतून बारीक वाहत होती. आई पुढे, आम्ही मागे. तिने एकदाही वाट विचारली नाही. मावशी केव्हाच गेली होती; तिच्या दुकानात आता कापडवाल्याची कोकमाची पोती रचलेली होती. वरून कापडवाल्याची म्हातारी बायको जिन्यात आली, डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"अगो, तू ती काजंवाली!" ती ओरडली. "तुझी काजं कधी उसवली नाहीत. शर्ट फाटले, काजं तशीच!"

आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

दुकानाच्या भिंतीवर रंगाने ओढलेल्या आडव्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेपुढे साल. पाणी कुठवर आलं त्याची खूण. सगळ्यात वरची रेघ बाबांच्या खांद्याला लागत होती.

"असल्या गावात माणूस राहतो व्हय?" बाबांनी बायकोमागून खाली आलेल्या म्हाताऱ्या कापडवाल्याला विचारलं.

"माणूसच राहतो, भावजी," तो म्हणाला. "माल वर जातो." मग आईकडे वळला. "पोती मी महिन्याभरात हलवतो. मशीन घेऊन ये."

पोफळीला परतल्यावर मतदान झालं. पेटी म्हणून युनियनचाच पत्र्याचा डबा. चार चिठ्ठ्या. आईने पेन्सिल घेतली, दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि परीक्षेला बसल्यासारखं लिहिलं. बाबांनी चिठ्ठ्या उघडल्या. राजापूर, राजापूर, कराड, राजापूर.

"कराडचं मत कुणाचं ते इचारायचं न्हाई," बाबा म्हणाले. "गुप्त हाय."

भाऊ हसून जमिनीवर लोळला. बाबांनी गंभीर चेहऱ्याने वहीत ठराव लिहिला: मतदान झाल्यावर निर्णय सगळ्यांचा. पुढे कराडहून पत्र आलं, बायकोच्या मुठीत गेलास का म्हणून. बाबांनी उत्तरादाखल ठरावाची प्रत पाठवली. माझ्या 'न्याया'च्या पत्रकाने जे झालं नाही ते एका चिठ्ठीने केलं. तेव्हापासून मी लिहिण्याआधी विचारते.

निवृत्तीनंतर आम्ही राजापूरला वरच्या आळीत घर घेतलं आणि जूनच्या आधी मावशीच्या त्याच दुकानात आईचा शिवणवर्ग सुरू झाला. चार मशिनं, अकरा मुली.

जुलैत एका सकाळी बाजारात हाक फिरली, "पाणी आलं!" आम्ही धावलो. गुडघाभर गढूळ पाण्यात आख्खा बाजार कामाला लागला होता. कापडवाल्याचे मुलगे आईचं मशीन उचलत होते आणि दुसऱ्या टोकाला लुंगी खोचलेले बाबा मोर्च्यातल्या आवाजात ओरडत होते, "दम धरा! एकदम उचला! अजून एक पायरी!"

"भावजी, घोषणा नको, कोपरा सांभाळा," खालून कुणीतरी म्हणालं. जिन्यात हशा पिकला.

वर तांदळाची पोती, औषधांची खोकी, कापडाचे तागे आणि त्यांच्या मधोमध आईची चारही मशिनं. वीज कधीच गेली होती. जन्मभर वीजघरात काम केलेले बाबा बंद दिव्याकडे बघत म्हणाले, "करंटबी न्हाई."

"माझ्या मशीनला लागत नाही," आई म्हणाली. खिडकीजवळ बसून तिने मशीनच्या पायडलवर पाय ठेवला आणि मशीन धडधडायला लागलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. चिखल काढून झाल्यावर कापडवाला रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन खाली आला. दरवर्षी रेघ तोच ओढायचा. यंदा त्याने कुंचला आईच्या हातात दिला.

आईने पाण्याची खूण शोधली, हात स्थिर केला, सरळ रेघ ओढली आणि पुढे साल लिहिलं.

बाबा मागे उभे होते, चिखलाने माखलेले.

"मंजूर," ते म्हणाले.