फ्रिजमागचा ट्रे

रविवारी सकाळी आमचे हे फ्रिजच्या मागे पाट टाकून बसतात. तिथला ट्रे हळूच ओढून त्यातलं वाटीभर पाणी ओततात, कडा काथ्याने घासतात आणि ट्रे खिडकीत उन्हाला उभा करतात. मी चहा घेत बघत राहते.

हा ट्रे साफ करा, म्हणून मी वर्षभर मागे लागले होते. "तुम्ही काही मनावर घेतच नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. मग एक दिवस त्यात डासांच्या अळ्या निघाल्या, आणि यांना डेंग्यू. ताप उतरला तेव्हा मी शिरा करून शेजारी वाटलासुद्धा. पण चार पायऱ्या चढताना यांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, "डेंग्यूचा परिणाम हृदयावर झालाय. स्नायूला सूज आहे." खाटेवरून हे म्हणाले, "बघ, शेवटी एक गोष्ट मनावर घेतली."

तेव्हा मला हसू नाही, रागच आला होता. आता सूज उतरली आहे आणि ते वाक्य आठवून मी एकटीच हसते. छातीत मन कुठे संपतं आणि हृदय कुठे सुरू होतं, कोण जाणे. डासाला त्याच्याशी काय देणंघेणं!

तो ट्रे मी स्वतःही घासू शकते. पण घासून झाल्यावर हे गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि त्यांना धाप लागत नाही, एवढं मला दर रविवारी बघायचं असतं.