बोरसे बाईंचा वर्ग आणि माझा

आमच्या शाळेत पुस्तकं यायला दिवाळी उजाडायची. किस्से मात्र जूनपासूनच साठायला लागायचे. सुरतेतल्या मराठी शाळेतले हे किस्से नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांतले. पाचवी 'अ' बोरसे बाईंची, पाचवी 'ब' माझी. मधे पार्टिशन. त्यांचा वर्ग भरलेला, माझा विरळ. मी त्यांच्यावर जळायचो, हे आधीच सांगून टाकतो.

*

पुस्तकं नव्हती तेव्हा बाईंनी मुलांकडून साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे मागवले. आईबाप कापड मार्केटात कामाला, पुठ्ठ्यांना काय तोटा! बाईंनी त्यांवर धडे लिहून भिंतीला टांगले. इन्स्पेक्टर साहेब खूश!

दुसऱ्या दिवशी मीही पुठ्ठे मागवले. माझ्या मुलांनी नेमकी झाकणं आणली. प्रत्येक झाकणावर साडी नेसून हसणारी बाई! दिवसभर वर्गाचं लक्ष जराही हललं नाही. फक्त ते माझ्याकडे नव्हतं.

*

शाळा अकराची. त्याच वेळी बरीच मुलं बापाचा डबा कापड विणायच्या लूमवर पोचवत असायची. बाई अर्ध्या तासाने हजेरी घ्यायच्या. मी ठोक्याला, नियम म्हणजे नियम!

एक पोरगा डबा देऊन धापा टाकत आला. "सर, डबा दी उनू!"

"उशीर झाला. गैरहजर."

तो पार्टिशनला वळसा घालून सरळ बाईंच्या वर्गात जाऊन बसला.

"तू इथं कसा रे?" बाईंनी विचारलं.

"बाई, इथं अजून उशीर झालेला नाही!"

*

अखाजीच्या सणाला निम्मा वर्ग खानदेशात गेला आणि नेमकी तपासणी आली. बाईंचीही मुलं गेली होती, तरी उरलेली माझ्या दुप्पट! मी नाक मुठीत धरून दहा मुलं उसनी मागितली.

"न्या की सर. पण मोजून परत करा!"

साहेब आधी माझ्याच वर्गात आले. विचारलं, "तुमचे वर्गशिक्षक कोण?"

दहाही जण उभे राहिले. "बोरसे बाई!"

साहेब माझ्याकडे वळले. "छान. मग आपण कोण?"

*

पुढच्या वर्षी पटाची मोजणी लागली. ठरलेल्या आकड्याला एक मूल जरी कमी भरलं, तर 'ब' बंद, मुलं बाईंकडे आणि मी फाजल, म्हणजे जादा शिक्षक म्हणून धाडतील त्या शाळेत. आठवडाभर चाळी पालथ्या घातल्या. एक बाप म्हणाला, "सर, पोराला गुजरातीत टाकलं. मराठी शिकून लूमच चालवायचा ना त्याने?" मी पुढच्या दाराकडे वळलो. माझा मुलगाही आमच्याच शाळेच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या गुजराती शाळेत दुसरीत होता.

मोजणीच्या दिवशी साहेब यायच्या आधी मी मोजलं, तर एक मूल कमी भरलंच.

बोरसे बाई जिना उतरून गेल्या. त्यांची मुलगीही खालीच, गुजराती पाचवीत. अर्ध्या तासाने तिला दप्तरासकट हाताला धरून वर आल्या. तिचा दाखला माझ्या टेबलावर ठेवला.

"लिहा हिचं नाव."

"अहो बाई, मी गेलो असतो तर सगळी मुलं तुम्हालाच मिळाली असती!"

"मिळाली असती की. पण सर, माझ्यावर जळायला मग कोण राहिलं असतं?"