भाऊजींची शेवटची गंमत

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, वेताच्या खुर्च्या विणायचे. गल्लीत त्यांना सगळे बाजाच म्हणायचे, कारण माणूस गप्प असा कधी नाहीच. तोंडाने गाणं, नाहीतर शीळ, नाहीतर कुणाची तरी नक्कल. समोरचा चहावाला म्हणायचा, "बाजाचं दुकान बंद आहे की उघडं, ते डोळे मिटूनसुद्धा कळतं."

घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. घमेल्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. खुर्ची मधे ठेवायची, भाऊजी वरून पट्टी भोकात घालणार, ताई खाली बसून ती ओढणार आणि शेजारच्या भोकातून परत वर देणार. लग्न झाल्यापासून दोघांचं हेच. वरून भाऊजी त्या भोकांना डोळा लावून विचारायचे, "कोण आहे गं खाली? चोर की बायको?" ताई म्हणायची, "चोर असता तर कधीच पळून गेला असता."

त्या घरात गंमत नावाचा एक खेळ होता. घरातल्या एकाला निवडायचं आणि बाकीच्यांनी मिळून त्याला गंडवायचं. लेकीचं लग्न झाल्यावर जावई पहिल्यांदा राहायला आले, तेव्हा दिवसभर घरात सगळे कुजबुजत बोलले. जावई बिचारे तेही कुजबुजायला लागले. मीठ हवं होतं तर लेकीच्या कानाला लागून मागितलं! संध्याकाळी भाऊजींनी छप्पर उडेल असा आवाज काढला, "गंमत!" आणि जावई खुर्चीवरून खालीच आले. नियम एकच, पण कडक. गंमत ज्यानं सुरू केली त्यानंच ती फोडायची. दुसऱ्यानं तोंड उघडलं तर वर्षभर त्याला कुठल्याच गमतीत घ्यायचं नाही.

ताईला मात्र कुणी कधी गंडवू शकलं नाही. भाऊजी म्हणायचे, "हिच्याशी खोटं बोलायचं म्हणजे भिंतीशी कुस्ती."

मग एक वर्ष असं आलं की ताईला खालून वेगळंच जाणवायला लागलं. वेताची ओढ सैल. पट्टी वरून ताठ यायची ती लोंबत यायला लागली. ती म्हणाली, "अहो, हाताला काय झालंय तुमच्या?" भाऊजी म्हणाले, "हाताला काही नाही, बायको म्हातारी झाली. खालून ओढत नाही नीट." ताई हसली. हसली, आणि दुप्पट जोर लावून ओढायला लागली. खांदे भरून यायचे तिचे, पण ते बोलायची नाही; एवढंच म्हणायची, "हात चालवा, सैल पडतंय."

मधेमधे भाऊजी मुलाला घेऊन बाहेर पडायचे. "लांबची खुर्ची आहे, पोचवून येतो." ताई डबा भरून द्यायची. संध्याकाळी डबा रिकामा आला की तिला बरं वाटायचं.

एका सकाळी ते तोंड धुवायला गेले, नळापाशी बसले, आणि तिथेच गेले.

दुसऱ्या दिवशी माणसांनी घर भरलं. चहावाला आला, ताईसमोर बसला आणि म्हणाला, "वहिनी, धन्य आहे तुमची. एवढं दुखणं घरात, आणि चेहऱ्यावर कधी दिसू दिलं नाहीत."

ताई म्हणाली, "कसलं दुखणं?"

चहावाल्यानं लेकीकडे बघितलं. लेकीनं भावाकडे. भाऊ खाली बघायला लागला. ताईनं ते तिघांचं बघणं बघितलं, आणि तिला उलगडलं. हे असं एकमेकांकडे बघणं तिनं त्या घरात शंभरदा पाहिलं होतं, पण दर वेळी ती बघणाऱ्यांत होती.

"तुला कधी कळलं?" तिनं लेकीला विचारलं.

"बाबांनीच सांगितलं. रक्ताचा आजार होता, आई. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत."

"आणि तुला?"

मुलगा म्हणाला, "मीच न्यायचो दवाखान्यात."

"म्हणजे माझा डबा?"

"दवाखान्यातच. त्यांना जायचा नाही. मी खायचो."

जावयांना माहीत होतं. दिराला माहीत होतं. ताईच्या तोंडचा रंगच उडाला. "अरे, जीभ झडली होती का तुमची? एकानं तरी सांगायचं!"

"ते सांगणार होते," लेक रडत म्हणाली. "म्हणायचे, ही गंमत माझी आहे, मीच फोडणार. आम्ही वाट बघत होतो गं. म्हणायचे, आईचं हसू शेवटपर्यंत राहू दे."

"माझं हसू!" ताई म्हणाली. "माझ्या हसण्याची चिंता होती सगळ्यांना. आणि मी तुमच्या बापाला म्हणत होते, हात चालवा, सैल पडतंय! मरणाऱ्या माणसाला कामाला जुंपलं मी. कुणी हात धरला नाही माझा."

पुढे आठवडाभर येणारा जाणारा भाऊजींच्या गमती सांगायचा आणि माणसं डोळे पुसत पुसत हसायची. ताई त्या खोलीत बसायचीच नाही. मुलगा म्हणाला, "आई, तू पण सांग ना एखादी." ती म्हणाली, "मला येत नाहीत. मी नवीन आहे या घरात."

मग एका दुपारी ती एकटीच समोर चहावाल्याकडे गेली. आतल्या बाकावर बसली, जिथून रस्ता दिसत नाही. त्यानं चहा दिला.

"तुम्हाला का सांगितलं त्यांनी?" तिनं विचारलं.

चहावाला फडक्यानं ओटा पुसत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं नाही वहिनी. दवाखान्यातून येताना इथे बसायचे, तुम्ही बसलात तिथेच. मुलाला पुढे पाठवायचे. आणि रडायचे."

"रडायचे?"

"पोटभर. मग तोंड धुवून, शीळ घालत घरी."

ताईनं त्यांना उभ्या जन्मात रडताना पाहिलं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

"काय म्हणायचे?"

"तुमचंच नाव. म्हणायचे, तिच्यापुढे एकदा डोळ्यात पाणी आलं तर थांबायचं नाही."

"तर नसतं थांबलं," ताई म्हणाली. "मी बसले असते. मला कुठे जायचं होतं?"

ताई उठली. चहा तसाच राहिला.

"हसले ते सगळ्यांबरोबर, त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण रडले ते तुमच्यापाशी. ते माझं होतं हो."