फडक्याची खरी बातमी

पेपरात आमच्या तांड्याचं नाव वर्षातून एखाद्या वेळी येतं. फोटो पाण्याचा असतो आणि खाली लिहिलेलं असतं, बेटावरच्या नागरिकांचा जीवघेणा प्रवास. एकदा त्या फोटोत माझी सासू होती. डोंग्यात बसलेली, काखेत कोंबडी, तोंडभर हसू. आणि खाली जीवघेणा प्रवास. सासूनं तो कागद देवाच्या फोटोशेजारी चिकटवला आहे. मागच्या भादव्यात आलेली बातमी मात्र तिनं चुलीत घातली. ती बातमी चुकीची होती. खरं काय झालं ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

बेट म्हणजे समुद्रातलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कुठून आणायचा? आमचा तांडा टेकाडावर आहे. खाली धरण झालं तेव्हा तीन बाजूंची शेतं पाण्यात गेली. चौथ्या बाजूला नाल्यावरून रस्ता आहे, तो श्रावणात बुडतो आणि दिवाळीच्या आसपास वर येतो. तोवर आम्ही बेटावर. घरचे दोघे भाऊ, म्हणजे माझे मालक आणि धाकटे दीर, पांढरकवड्याहून ट्रक चालवतात, हैदराबादकडे जातात. घरी सासू, मी, माझी धाकटी जाऊ आणि चार म्हशी.

पलीकडच्या काठावर एक भोई राहतो. मासे धरतो आणि डोंगा चालवतो. आम्ही त्याला मामा म्हणतो, त्याच्या बायकोला मामी. रोज सकाळी मामा दुधाच्या कॅना न्यायला येतो. दूध पलीकडे मोठ्या गाडीत जातं. परत येताना रिकाम्या कॅनांसोबत पेपर येतो. मी चौथी शिकलेली. माहेरी शाळा तेवढीच होती. घरात आम्ही आमची बंजाऱ्यांची गोर बोली बोलतो, पण वाचायला मला मराठीच येतं. दुपारी भाकरी झाल्यावर मी सासूला पेपर वाचून दाखवते. तिला मोठ्या बातम्या नको असतात. एकदा मी वाचलं, उमरखेडच्या बसस्थानकात गाय शिरली, प्रवाशांची तारांबळ.

सासू म्हणाली, "मंग? गाईले कुठं जायाचं होतं, ते लिहिलं का नाई?"

"नाही."

"तं मंग कायची बातमी?"

मोबाइलला फक्त देवळाच्या ओट्यावर रेंज असते. तिथून फोन लावला तरी मामा उचलत नाही. पाण्यात पडेल म्हणून तो आपला फोन घरी तांदळाच्या डब्यात ठेवतो. म्हणून आमचं काम फडक्यावर चालतं. काठावर एक उंच बांबू रोवलेला आहे. त्यावर पांढरं फडकं चढवलं की त्याचा अर्थ, मामा, सवड झाली की ये. लाल चढवलं की हातातलं टाकून ये, कोणाचा तरी जीव अडला आहे. साप, ताप, बाळंतपण. लाल फडकं सासूच्या पेटीत असतं. पांढरं बांबूच्या बुडालाच बांधून ठेवलेलं असतं, कोणीही चढवावं.

मागच्या वर्षी जावेचे दिवस भरत आले होते. तिच्या माहेरी आई नाही, त्यामुळे बाळंतपण इकडेच करायचं होतं. नर्सबाई तपासून गेल्या आणि म्हणाल्या, बाळाचं डोकं अजून वर आहे. कळा लागल्या की लगेच निघायचं, घरी थांबायचं नाही. सासूनं लाल फडकं झटकून उशाशी ठेवलं. पाणी तेव्हा सगळ्यात जास्त पसरलेलं होतं. वल्ह्यावर अर्धा तास लागत होता.

त्याच दिवसांत मी ते पांढरं फडकं धुतलं. कोणी सांगितलं नव्हतं. ते शेणकटलेलं होतं, मला बघवेना. सकाळी घाटावर कपडे न्यायचे होते, त्यात तेही घेतलं. त्या कपड्यांत माझी फुलसावंगीच्या बाजारातून घेतलेली नवी लाल साडी होती. साडीचं पहिलंच पाणी. पिळताना पाहिलं तर फडकं गुलाबी. लहान बाळाच्या झबल्यासारखं. जाऊ दगडावर बसून पाय पाण्यात सोडून बघत होती. ती म्हणाली, "बाई, फडकं लाजलं."

मी मनात म्हटलं, लाल तर नाही ना झालं. आणि तांड्यात सगळे त्याला पांढरं फडकंच म्हणतात. वाळलं की फिकं होईल.

दुपारी सासूनं मिठाचा डबा उघडला तर तळ दिसला. "जाय, पांढरं चढव," म्हणाली. मी ओलंच चढवलं.

पुढचं मला मामीनं नंतर सांगितलं. मामा पाण्यात जाळं ओढत होता. त्याला बांबूवर लाल दिसलं. त्यानं जाळ्याचा दोर सोडून दिला आणि काठावरच्या मामीला हाक मारली. मामी धावत सडकेवर गेली, दवाखान्याची गाडी बोलावली. नर्सबाई गावातच होत्या, त्या आल्या. पेपरात लिहिणारा एक बातमीदार ग्रामपंचायतीत कशासाठी तरी आलेला होता, तोही डोंग्यात चढला.

मामा टेकाड चढून घरी आला तेव्हा त्याच्या अंगावरून पाणी गळत होतं. जाऊ उंबऱ्यात बसून मुगाच्या शेंगा सोलत होती.

"कोनाले झालं? कुठं हाय?" मामा म्हणाला.

"काय कुठं हाय?" सासू म्हणाली.

"लाल कायले लावलं?"

"लाल कोन लावलं? माह्यं लाल इथं उशाशी हाय. आमाले मीठ पाह्यजे होतं."

नर्सबाई पिशवी घेऊन मागे उभ्या होत्या. "मीठ?" त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी जावेकडे पाहिलं. ती थट्टेखोर आहे हे दोन्ही काठांना माहीत होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं मामाचं वल्हं लपवून त्याला तासभर फिरवलं होतं. ती आता माझ्याकडे बघून हसली आणि शेंगा सोलत राहिली. मी स्वयंपाकाच्या खोलीत दाराआड गेले. मला बोलता येत नाही असं नाही. पण समोर चार माणसं असली की शब्द पोटातच राहतात.

मामानं जाताना फडकं ओढून काढलं, बघितलंही नाही, डोंग्यातल्या फळीखाली कोंबलं. सासूला म्हणाला, "माह्यं जाळं बाभळीत गेलं असन आतालोक. पुढच्या वक्ती लाल दिसलं तं पयले मी जाळं काढीन, मंग येईन."

जाळं काढायला पाऊण तास लागतो. मी दाराआड उभी राहून तो पाऊण तास आणि वल्ह्याचा अर्धा तास मिळवत होते, आणि नर्सबाईंचं बोलणं आठवत होते.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. सासू म्हणाली, वाच. मी वाचलं. खोट्या इशाऱ्यानं धावपळ. बेटावरील गर्भवतीचा प्रताप. सासूनं कागद माझ्या हातातून घेतला आणि चुलीत सारला. मग तीन दिवस ती जावेला बोलत राहिली. पाणी देताना बोलायची, भाकरी वाढताना बोलायची. जाऊ एकदाही म्हणाली नाही की हे बाईनं, म्हणजे मी केलं.

मी गोठ्यात रडत होते तिथं ती आली. "तू कायले रडून राह्यली? नाव माह्यं पेपरात आलं."

"नाव नाही आलं. गर्भवती आलं."

"तेच तं. तांड्यात दुसरी कोन हाय?" मग तिनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "बाई, तो खरंच नाई येनार का वं?"

तोवर तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. तिला अशी मी आधी कधी पाहिली नव्हती.

रात्री झोपण्याआधी मी वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली. समोर बोलायला नको म्हणून लिहिली. सकाळी मामा कॅना न्यायला आला. तीन दिवस तो कोणाशी बोलत नव्हता, कॅना घ्यायचा आणि निघायचा. मी आमच्या कॅनेसोबत चिठ्ठी पुढे केली.

"हे काय?"

"चिठ्ठी. तुमच्यासाठी."

"मले कुठं वाचता येते? तूच वाच."

काठावर दहाबारा बाया होत्या. प्रत्येकीच्या कमरेला कॅन. सासू माझ्या मागेच होती. मी चिठ्ठी उघडली. अक्षर माझंच, तरी दिसेना. मग वाचलं.

मामा, लाल फडकं कोणी लावलं नव्हतं. मी पांढरं धुतलं. माझ्या साडीचा रंग उतरला. मला वाटलं चालेल. जावेनं काही केलं नाही. तिच्या बाळाचं डोकं वर आहे. खरं लाल दिसलं तर तुम्ही यावं. माझा राग तिच्यावर काढू नये.

फळीखाली हात घालून मामानं फडकं काढलं. तीन दिवस त्या फडक्यानं त्यानं डोंगाच पुसला होता. उन्हात धरून पाहिलं.

"हे तं गुलाबी हाय," तो म्हणाला.

"हाव."

"मामी त्याच दिवशी म्हने का गुलाबी होतं. मी तिले म्हनलं तुले दिसत नाई. मंग डोंगा पुसतानी मलेबी गुलाबी दिसलं, वाटलं माह्येच डोये गेले. तीन दिवस झाले, मी कोनाले सांगतलं नाई." त्यानं फडक्यानं तोंड पुसलं. "धुवाले कोन सांगतलं होतं तुले?"

"मळलं होतं."

बाया हसायला लागल्या. एकीला तर कॅन खाली ठेवावी लागली. सासू हसली नाही. ती पुढे आली.

"तीन दिवस मी त्या पोरीले बोलून राह्यली. अन् तू चूप?"

"हाव."

"तोंड हाय का नाई तुले?"

"ते मंग पाहाजा," मामा म्हणाला. "पयले मले सांगा, तिचे दिवस किती राह्यले?"

"पंधरा. बाप्पा, कमीबी असतीन."

"मंग फडकं कायले पाह्याचं? तिले आमच्या घरी आनून ठेवा. सडक घरासमोर हाय. गाडी आली का बसली."

सासूला ते पटलं नाही. सून भोयाच्या घरी बाळंतपणाला जाते हे लोक काय म्हणतील? आणि तिकडे दोन्ही वेळा मासोळी शिजते, हिला वास चालत नाही. मामा म्हणाला, नाकाला फडकं बांधू, आता गुलाबीही आहे. बाया पुन्हा हसल्या, पण सासू तशीच घरी आली. दुपारी डोंगा परत आला. त्यात मामी एकटी होती, स्वतः वल्हवत आली होती. ती ओट्यावर बसली, चहा प्यायली आणि म्हणाली, "मी न्यायले आली. रिकाम्या डोंग्यानं वापस जानार नाई, पाप लागते."

असं पाप मी कुठंच ऐकलेलं नाही. सासूनंही ऐकलेलं नसेल. पण तिनं जावेकडे पाहिलं. जावेचं गाठोडं आधीच बांधलेलं होतं.

"चाल, मीबी येतो," सासू म्हणाली. "म्हशी हिच्यावर."

मग टेकाडावरच्या घरात मी एकटी. सकाळी मामा आला की सगळ्यांसमोर विचारावं लागायचं, दुसरं कोण विचारणार? मी विचारायची, काय मामा? तो सांगायचा. आज काही नाही. आज सासूनं मामीला भाकरी कशी थापतात ते शिकवलं, मामीला तीस वर्षांपासून येते. आज जावेनं मासोळी खाल्ली, दोन खाल्ल्या. आज सासूनं पण रस्सा घेतला, कोणाला सांगू नको म्हणाली. मग सगळा तांडा दिवसभर रस्स्यावर बोलायचा. त्या दिवसांत पेपर मी फार वाचला नाही.

नवव्या दिवशी डोंगा आला नाही. ऊन वर चढलं. कॅना काठावर ओळीनं उभ्या, बाया सावलीत बसलेल्या. देवळाच्या ओट्यावर जाऊन मी फोन लावून पाहिला, तो तांदळात वाजत असणार. कोणीतरी म्हणालं, दूध नासेल. सगळ्या पलीकडे बघत होत्या.

दुपारी डोंगा दिसला. मामी वल्हवत होती. मामा गाडीत त्यांच्यासोबत पुसदला गेला होता. ती अजून पाण्यातच होती तेव्हा मी गुडघाभर पाण्यात शिरले.

"पोट्टी!" मामी ओरडली. "पोट फाडून काढली, पन दोघी बऱ्या हायत. पहाटे कळा आल्या अन् चहा उकळाच्या आत गाडीत बसली."

मी विचारलं, "रडली का?"

"कोन, पोट्टी? पोट्टीपेक्षा तुही सासूच जास्त रडली."

दूध नासलंच होतं. तांड्याचं सगळं दूध, प्रत्येक कॅन. मामी म्हणाली, आता हे घेऊन जाऊन काय करू? मग बायांनी कॅना परत डोक्यावर घेतल्या आणि टेकाड चढल्या. फाटलेल्या दुधात साखर घालून आटवलं की चांगलं लागतं. त्या दिवशी प्रत्येक चुलीवर तेच होतं. एकमेकींना वाटायलाही कोणी उरलं नाही, सगळ्यांच्याच घरी भरपूर. मी माझ्यातलं मोठा डबाभर मामीजवळ दिलं, जावेसाठी. बाळंतिणीला चालत नाही, असं मामी म्हणाली, आणि वाटेत तिनंच खाल्लं.